आम्हाला तर कोणी विचारलंच नाही!

सर्वेक्षणाचे आकडे आले की ही तक्रार हमखास येते. पण सर्वेक्षण म्हणजे शिरगणती नव्हे. त्यात नमुना (सगळ्यांच्या वतीने निवडलेली थोडी माणसे) पुरतो. शितावरून भाताची परीक्षा होतेच. मात्र वरचीच शिते घेतली तर तळ करपल्याचे कळत नाही. म्हणून नमुना किती मोठा यापेक्षा तो कसा निवडला, हे आधी पाहावे. ‘प्रथम’ संस्थेने २००५ मध्ये सुरू केलेले ‘असर’ सर्वेक्षण ग्रामीण मुलांचे वाचन-गणित घरी जाऊन तपासते. मुख्य फेऱ्यांत एका गावातली २०च घरे. शाळेत तपासले असते तर गैरहजर आणि शाळा सोडलेली मुले निसटली असती. उलट एखाद्या संस्थेने आपल्याच लाभार्थ्यांकडून हजारो फॉर्म भरून घेतले, तरी मधेच सोडून गेलेल्यांचे मत त्यांत नसते.