चेंडू तोच, जमीन वेगळी!

बालमित्रांनो, एक कोडं घालते. चेंडू तोच, टाकणारा तोच, बोटांनी दिलेली फिरकीही तीच. तरी एका जागी चेंडू हातभर वळतो आणि दुसऱ्या जागी सुतासारखा सरळ जातो. असं का?

वर्गात हे विचारलं की उत्तरांचा पाऊस पडतो. “बाई, वाऱ्यामुळे!” “बॉल जुना झाला असेल!” दोन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. पण मोठं उत्तर हवेत नाही, चेंडूतही नाही. ते आपल्या पायाखाली आहे. चेंडू ज्या जमिनीवर टप्पा घेतो, ती जमीन!

सायकलचं चाक आठवा

पावसाळ्यात चिखलात सायकल रुतली की काय होतं? पॅडल मारावं तसं चाक जागच्या जागी गरगर फिरतं, चिखल उडतो, पण सायकल हलत नाही. तेच चाक कोरड्या रस्त्यावर आलं की सायकल झटकन पुढे जाते. रस्ता चाकाला धरतो, चिखल धरत नाही. या धरून ठेवण्यालाच आपण घर्षण म्हणतो.

फिरकी चेंडूचंही तसंच. तो स्वतःभोवती फिरत येतो आणि टप्पा घेताना त्याचा खालचा भाग जमिनीवर आडवा घासतो. जमीन खडबडीत असेल तर ती त्याला धरते आणि उलट दिशेने ढकलते, म्हणून चेंडू वळतो. गुळगुळीत किंवा ओल्या जमिनीवर तो नुसता घसरतो. फिरकी असते, पण पकड नसते.

हे तुम्हाला नवीन नाही. चाळीपुढचा कोबा, सोसायटीतले पेव्हर ब्लॉक आणि शाळेचं मातीचं मैदान या तीन जागी एकच टेनिस बॉल तीन तऱ्हेने वागतो, हे जोगेश्वरीतल्या कुठल्याही गल्ली-क्रिकेटपटूला माहीत असतं. कॅरमवर आपण पावडर टाकतो ती घर्षण कमी करण्यासाठीच. म्हणजे विज्ञान आधी हातात आलेलं असतं, पुस्तकात ते नंतर येतं!

तेल लावलेला रस्ता

मॉलमध्ये बोलिंगचा खेळ पाहिला आहे? तीन बोटं घालायची भोकं असलेला जड गोळा घरंगळत सोडायचा आणि पलीकडच्या दहा पिना पाडायच्या. सर्वांत जड गोळा सुमारे सव्वासात किलोचा असतो. गोळा सोडायच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतचं अंतर ६० फूट. दिसायला ही पट्टी, म्हणजे लेन, एकसारखी चकचकीत. पण गंमत अशी, की सुरुवातीच्या साधारण ४० फुटांवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो आणि पुढचा भाग कोरडा असतो.

चांगला खेळाडू गोळा सोडताना मनगटाने त्याला बाजूची फिरकी देतो. तेलावर त्या फिरकीचा काहीच उपयोग होत नाही, गोळा जवळजवळ सरळ घसरत जातो. कोरडा भाग आला की लेन त्याला पकडते आणि तो एकदम आत वळतो. तिरका येणारा गोळा जास्त पिना पाडतो, म्हणून ही सारी धडपड.

अजून एक गोष्ट. खेळ चालू असताना प्रत्येक गोळा थोडं तेल पुसून नेतो. तासाभराने लेन बदललेली असते! मघाशी बरोबर वळणारा गोळा आता लवकर वळायला लागतो. मग मुरलेला खेळाडू उभं राहायची जागा बदलतो किंवा वेगळा गोळा घेतो. न दिसणारं तेल तो गोळ्याच्या वळणावरून ओळखतो.

बावीस यार्डांची माती

आता आपल्या लाडक्या क्रिकेटकडे वळू. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फूट. बोलिंगच्या लेनइतकीच जवळजवळ! फक्त इथे तेलाऐवजी माती, गवत आणि ओलावा असतो.

खेळपट्टीच्या मातीत चिकणमाती मिसळलेली असते. पाणी घालून रोलर फिरवला की ती घट्ट बसते. ओलावा उडाला की ती आक्रसते आणि तिला भेगा पडतात. वर हिरवं गवत असेल तर वेगवान गोलंदाज खूश असतो, कारण चेंडूची शिवण तिथे टप्प्यावर पकड घेते. गवत सुकलं, वरची माती भुसभुशीत झाली, बुटांनी उकरली गेली, की फिरकी गोलंदाज हात चोळू लागतो. मातीच्या जातीचाही फरक पडतो. काळ्या मातीची खेळपट्टी सहसा संथ असते आणि चेंडू खाली राहतो. लाल मातीवर चेंडू चांगला उसळतो आणि ती सुकली की फिरकीलाही साथ देते. आपल्या वानखेडे स्टेडियमची लाल माती त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

आणि मुंबईचा पावसाळा? १९४८ साली डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने सुरू झालेली कांगा लीग मुद्दाम पावसाळ्यातच खेळवली जाऊ लागली. ओल्या, चिकट खेळपट्टीवर कोणता चेंडू उसळेल आणि कोणता सरपटेल याचा नेम नाही! तिथे धावा करणारा फलंदाज कुठल्याही जमिनीला घाबरत नाही, असं मुंबईचे जुने खेळाडू मानत आले.

जोगेश्वरीचा एजाज

आता आपल्या गावच्या मुलाची गोष्ट. एजाज पटेलचा जन्म २१ ऑक्टोबर १९८८चा, मुंबईतला. त्याचं कुटुंब जोगेश्वरीत राहत होतं. १९९६ साली, तो आठेक वर्षांचा असताना, ते न्यूझीलंडला गेलं. तिथे एजाज आधी डावखुरा वेगवान गोलंदाज होता. उंची बेताची, तेव्हा विशीत आल्यावर त्याने अवघड निर्णय घेतला. वेग सोडून तो फिरकीकडे वळला. पहिल्यापासून सगळं नव्याने शिकायचं! न्यूझीलंडचे माजी फिरकी गोलंदाज दीपक पटेल यांनी त्याला मार्गदर्शन केलं.

डिसेंबर २०२१मध्ये तो न्यूझीलंडकडून वानखेडेवर भारताविरुद्ध कसोटी खेळायला उतरला. आणि भारताच्या पहिल्या डावात दहाच्या दहा बळी एकट्या एजाजने घेतले! ४७.५ षटकं, ११९ धावा, १० बळी. कसोटीच्या इतिहासात असं करणारा तो तिसरा. त्याआधी इंग्लंडच्या जिम लेकरने १९५६ साली आणि आपल्या अनिल कुंबळेने १९९९ साली दिल्लीत हा पराक्रम केला होता.

तुम्ही म्हणाल, “त्यात काय, खेळपट्टीच फिरकीची होती!” थांबा. त्याच डावात न्यूझीलंडकडून विल्यम सॉमरव्हिल आणि रचिन रवींद्र यांनीही फिरकी टाकली. त्यांना एकही बळी मिळाला नाही. माती सगळ्यांना सारखीच होती. पण चेंडू नेमका कुठे टाकला आणि किती वेगाने टाकला की ही माती त्याला धरेल, ते त्या दिवशी एजाजला साधलं. जमीन मदत करते, पण ती मदत घेता यावी लागते.

तो सामना मात्र भारतानेच ३७२ धावांनी जिंकला, कारण त्याच खेळपट्टीवर न्यूझीलंडचा पहिला डाव ६२ धावांत आटोपला. खेळपट्टी कुणाच्या बाजूची नसते!

खरी परीक्षा पुढेच होती. त्यानंतर लगेच न्यूझीलंडमध्ये बांगलादेशाविरुद्ध मालिका होती. दहा बळी घेणाऱ्या एजाजचं नाव संघात नव्हतं. कारण? तिथल्या हिरव्या खेळपट्ट्या वेगवान गोलंदाजांच्या. गोलंदाज तोच, हात तोच, जमीन वेगळी. किती वाईट वाटलं असेल, विचार करा. पण त्याने फिरकी सोडली नाही.

नोव्हेंबर २०२४मध्ये तो पुन्हा वानखेडेवर आला. भारताला जिंकायला १४७ धावा हव्या होत्या. एजाजने ५७ धावांत ६ बळी घेतले, भारत १२१ धावांत बाद झाला आणि न्यूझीलंडने मालिका ३-० अशी जिंकली. दोन कसोटींत मिळून वानखेडेवर त्याचे २५ बळी झाले. भारत हरल्याचं वाईट वाटलंच, पण जोगेश्वरीने थोडी कॉलरही ताठ केली असणार!

करून पाहा

साहित्य : एक टेनिस बॉल, खडू, गोणपाट, थोडी टाल्कम पावडर.

चार जागा ठरवा : कोरडी गुळगुळीत फरशी, पावडर टाकलेली फरशी, सिमेंटची जमीन आणि अंथरलेलं गोणपाट. प्रत्येक जागी खडूने एक फुली करा. गोणपाटावरही करा. छातीच्या उंचीवरून चेंडूला बोटांनी पीळ देऊन फुलीवर सोडा. दुसरा टप्पा कुठे पडला ते पाहा आणि फुलीपासूनचं अंतर पट्टीने मोजा. प्रत्येक जागी पाच वेळा करा आणि सरासरी काढा. पीळ दर वेळी सारखाच द्यायचा बरं का! सर्वांत जास्त कुठे वळला? का? वहीत लिहा. आणि हो, पावडर लगेच पुसा, नाहीतर घर्षणाचा पुढचा प्रयोग आजीवर व्हायचा!

पालकांसाठी दोन ओळी

एखाद्या विषयात मूल मागे पडलं की आपण लगेच मुलालाच बोल लावतो. कधी कधी पायाखालची जमीनही पाहावी. शिकवायची पद्धत बदलली, जागा बदलली, थोडा वेळ जास्त दिला, की तेच मूल छान वळण घेतं. चेंडू तोच असतो.