पाहुण्यांना त्यांच्याच चेहऱ्याचा आहेर

लग्नसराई जवळ आली की घरोघर वह्या उघडतात. हॉल, जेवण, बँजो, फोटो, व्हिडिओ, पत्रिका, अशी यादी वाढतच जाते. या यादीत अगदी शेवटी एक ओळ असते : पाहुण्यांना परतीचा आहेर. मग टोपी-टॉवेल आणि ब्लाउजपीसचा गठ्ठा आणला जातो. आज आपण दिलेला टॉवेल पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या मांडवात तिसऱ्याच्या खांद्यावर पडतो, हे आपण सर्वजण जाणतो. त्या मानाने नाव घातलेले स्टीलचे भांडे बरे. वीस वर्षांनी डबा घासताना त्यावरचे नाव वाचून गृहिणी म्हणते, "हा आमच्या मामांनी दिलेला." भांडे आहेर देणाऱ्याचे नाव जपून ठेवते. चेहरा मात्र कोण जपणार?

या प्रश्नाला उत्तर देणारी एक प्रथा अलीकडे आपल्याकडच्या लग्नांत दिसू लागली आहे. मांडवाच्या एका कोपऱ्यात चित्रकार टेबल-खुर्ची टाकून बसतो. पाहुणे एकेक करून समोर येतात. आठ-दहा मिनिटांत पोस्टकार्डाएवढ्या कागदावर त्यांचा चेहरा जलरंगात उतरतो आणि तो कागद पाहुणा घरी घेऊन जातो. भोवती पोराबाळांचा गराडा पडतो. कोरा कागद आपल्या आजीसारखा दिसू लागला की लहान मुले टाळ्या पिटतात. करमणूक होते आणि आठवणही उरते.

यात दोन प्रकार आहेत, ते वाचकांनी नीट समजून घ्यावेत. एका प्रकारात चित्रकार मोठ्या कॅनव्हासवर वधू-वरांसह संपूर्ण सोहळ्याचे एकच चित्र रंगवतो. त्याला अनेक तास लागतात, खर्चही मोठा, आणि चित्र यजमानाच्या भिंतीवर लागते. दुसरा प्रकार पाहुण्यांच्या छोट्या व्यक्तिचित्रांचा. आज आम्ही लिहीत आहोत ते या दुसऱ्या प्रकाराविषयी.

कल्पना जुनीच

थोडक्या वेळात, थोडक्या पैशांत माणसाचा चेहरा कागदावर उतरवण्याची धडपड जुनी आहे. पूर्वी स्वतःचे तैलचित्र काढून घेणे राजे-सरदारांनाच परवडे. युरोपात अठराव्या शतकात काळ्या कागदातून चेहऱ्याची बाजूची आकृती कापून देणारे कारागीर पुढे आले. काही मिनिटांत काम होई आणि पैसेही कमी पडत. या आकृतींना 'सिलुएट' म्हणतात. हे नाव १७५९ साली फ्रान्सचा अर्थमंत्री असलेल्या एतियेन द सिलुएट याच्यावरून पडले. हा मंत्री काटकसरीसाठी प्रसिद्ध, म्हणून स्वस्तातल्या वस्तूला लोक थट्टेने त्याचे नाव देऊ लागले.

ऑगस्ट एदुआर नावाचा फ्रेंच कारागीर एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत अशा आकृती कापत हिंडला. तो कागद दुहेरी घडी करून कापायचा. एक प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी स्वतःच्या वहीत. तिच्यावर नाव, गाव, तारीख लिहिलेली. १८४९ साली परतीच्या प्रवासात त्याचे जहाज फुटले आणि बऱ्याच वह्या गेल्या. ज्या वाचल्या त्यांतली माणसे आज संग्रहालयांत नावानिशी ओळखू येतात. नाव लिहून ठेवल्याचा हा फायदा!

आपल्या मुंबईत काळा घोडा येथे जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले. त्याच्या बाहेर फुटपाथवर बसणारे चित्रकार रस्त्याने जाणाऱ्याला समोर बसवून त्याचे चित्र काढून देत आले आहेत. तीच कला आता मांडवात आली, इतकेच.

आधी हिशेब, मग हौस

चित्रकार ठरवण्यापूर्वी साधा हिशेब करावा. एका चित्राला आठ मिनिटे धरली तर चार तासांत तीस चित्रे होतात. मधला चहा, पाणी, हात मोकळे करणे धरता पंचवीस म्हणा. लग्नाला माणसे तीनशे! म्हणजे सर्वांचे चित्र निघणे शक्य नाही. हे यजमानाने आधीच ओळखले नाही तर "आमचे का नाही काढले?" म्हणून रुसवेफुगवे ठरलेले. मानपानाच्या भांडणांत आणखी एकाची भर नको.

म्हणून पंचवीस चिठ्ठ्या आधीच नाव घालून वाटाव्यात, असे आम्ही सुचवतो. त्या कोणाला द्याव्यात? सुटाबुटातले पाहुणे फोटोत पुढे असतातच. पण गावाहून आलेली आत्या, दोन दिवस भांड्यांच्या ढिगाऱ्यामागे बसलेली मावशी, वाढप्यांवर देखरेख करणारा चुलता, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून असलेले आजोबा, ही माणसे लग्नाच्या अल्बममध्ये शोधूनही सापडत नाहीत. आपल्या कष्टकरी घरांत वडीलधारे माणूस गेले की भिंतीवर लावायला फोटो शोधायची धावपळ होते. कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा करावा लागतो, नाहीतर ओळखपत्रावरचा पुसट फोटो स्टुडिओत न्यावा लागतो. तेव्हा पहिल्या चिठ्ठ्या म्हाताऱ्या माणसांना आणि राबणाऱ्या हातांना मिळाल्या पाहिजेत.

ज्यांना फार वेळ बसवत नाही त्यांचा चित्रकाराने मोबाइलवर फोटो घ्यावा आणि त्यावरून रंगवावे. यात कमीपणा नाही, बरेच चित्रकार तसेच करतात.

रंग जसा आहे तसाच

आता सर्वांत महत्त्वाचे. स्टुडिओत फोटो काढला की न सांगता चेहरा उजळ करून देण्याची रीत आपण वर्षानुवर्षे सोसली. आता मोबाइलही तेच करतो. चित्रकारही पाहुणा नाराज होईल या भीतीने रंग हलका लावतो. चित्रकाराला आधीच स्पष्ट सांगावे : ज्याचा जो रंग आहे तोच लावा. सावळी, काळी कांती रंगवणे काही अवघड नाही. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन ब्ल्यू यांच्या मिश्रणातून जलरंगात फार सुंदर गडद छटा मिळतात. उन्हातान्हात राबलेल्या आजीच्या कपाळावर गोरा रंग फासला तर ती आजी राहत नाही. नातवंडांना आजी हवी आहे, दुसरी कोणी बाई नको.

तीच गोष्ट व्यंगचित्रांची. काही ठिकाणी नाक, दात, पोट फुगवून हशा पिकवतात. तरुण मित्रमंडळी हौसेने काढून घेतील तर घेवोत. पण ज्याला आयुष्यभर रूपावरून टोमणे ऐकावे लागले, त्याला भर मांडवात पुन्हा ते दाखवू नये. पाहुण्याला हसत हसत घरी पाठवायचे, खाली मान घालून नव्हे.

काढणार कोण?

यासाठी मोठे नावच हवे असे नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिलेली मुले वस्तीवस्तीत आहेत. पुढे ए.टी.डी. किंवा जी.डी. आर्ट करणारेही आहेत. अशा मुलाला-मुलीला दोन तास बसवावे. मात्र "घरचेच पोरगे आहे" म्हणून फुकट राबवू नये. तासाचे पैसे की चित्रामागे पैसे, कागद कोणाचा, वेळ वाढला तर किती, हे आधी ठरवावे आणि कागदावर लिहावे. आधी त्याने काढलेली चार-पाच चित्रे पाहावीत. समोर बसून दहा मिनिटांत काढलेली असावीत. त्याला उजेडाची जागा, पाणी, पंखा आणि वेळेवर जेवण द्यावे. त्याचे टेबल डी.जे.च्या भिंतीपासून लांब ठेवावे.

आणि खर्च? यासाठी कर्ज काढू नये, हे आम्ही ठासून सांगतो. वरातीतला एक तास कमी करून किंवा परतीच्या आहेरातले टॉवेल वगळून हे जमत असेल तरच करावे. नाही जमले तर लग्नात काही उणे पडत नाही.

जपणूक

जलरंगाला जाड कागद हवा, तीनशे जी.एस.एम.चा असला तर तो ओला होऊन वाकत नाही. रंग वाळल्यावरच चित्र पारदर्शक पिशवीत घालावे. फ्रेम केल्यास काच रंगाला टेकू देऊ नये, मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालावी. ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा थेट उन्हात टांगू नये. एका ठिकाणी बुरशी चढते, दुसऱ्या ठिकाणी रंग उडतो.

चित्र हाती देण्याआधी घरातल्या एखाद्या कॉलेजकुमारीने त्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. म्हणजे सर्व पाहुण्यांचे चेहरे वधू-वरांकडेही राहतील. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात : नाव, गाव, तारीख. आत्याचे नाव घरात सर्वांना 'आत्या' एवढेच ठाऊक असते. तिचे पूर्ण नाव तिलाच विचारून लिहावे.