जहाजावरचा माल का सरकतो?

१० जानेवारी १९९२. प्रशांत महासागरातील वादळात हाँगकाँगहून अमेरिकेकडे निघालेल्या ‘एव्हर लॉरेल’ या जहाजावरून १२ कंटेनर समुद्रात पडले. एकात प्लॅस्टिकची २८,८०० खेळणी होती. त्यातली पिवळी बदके पुढे कित्येक वर्षे दूरदूरच्या किनाऱ्यांना लागत राहिली. ही गंमत झाली. पण जहाजाच्या पोटात एखादे अवजड यंत्र सुटले, तर ते प्रत्येक हेलकाव्याबरोबर घणासारखे आदळत राहते. त्याच्या वाटेत सापडलेला खलाशी वाचणे कठीण.

‘दहा टनांचे धूड, ते कशाला हलतेय?’ असे तुम्हांला वाटेल. चला, हिशेब मांडू. जहाज ३० अंश कलले, तर यंत्राला उताराकडे ओढणारे बल वजनाच्या निम्मे, म्हणजे ५ टन. त्याला अडवते घर्षण. डेक पोलादी आणि यंत्राचे बूडही पोलादी असेल, तर घर्षण गुणांक अवघा ०.१ धरतात. म्हणजे घर्षण जेमतेम ०.८७ टन! डेक ओला असेल, तर तेवढेही धरायचे नाही. आता मध्ये लाकडी फळ्या घाला. गुणांक होतो ०.३ आणि घर्षण २.६ टन. निम्मे काम साध्या फळीने केले! घरी स्टीलच्या ताटात स्टीलचा डबा ठेवून ताट हळूहळू तिरपे करा. मग डब्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून पाहा.

उरलेले काम साखळ्यांचे. जहाज नुसते कलत नाही, झटकेही देते. म्हणून ठोकताळा असा, की प्रत्येक बाजूच्या बांधणीची एकूण सुरक्षित ताकद मालाच्या वजनाइतकी हवी. सुरक्षित ताकद म्हणजे तुटण्याची ताकद नव्हे, बरे का! साखळीची निम्मीच धरतात. वापरलेल्या तारदोराची तर ३० टक्केच.

साखळी डेकशी ६० अंशांपेक्षा जास्त उभी असेल, तर ती माल उलटू देत नाही; पण सरकणे थांबवण्याच्या हिशेबात ती धरत नाहीत. आणखी एक चूक नवखे हमखास करतात. ते एकाच बाजूला साखळी आणि नायलॉनचा पट्टा असे दोन्ही बांधतात. पट्टा ताणला जातो, साखळी ताणली जात नाही. सारा भार तिच्यावर येतो आणि ती तुटली, की पट्ट्याची पाळी!

शिवाय जहाजाच्या थरथरीने घट्ट बांधणीही सैल होते. वादळाची सूचना येताच खलाशी टॉर्च घेऊन खाली उतरतात आणि एकेक टर्नबकल पुन्हा आवळतात.