पावसाच्या वाक्यालाही अदब
कोरियन शिकू पाहणाऱ्या प्रौढ मराठी भाषकाला आरंभी ही भाषा सोपीच वाटते. राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेली हंगुल लिपी लवकर हाती येते. कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम आणि नामामागून येणारे प्रत्यय तर घरचेच. शिवाय नामांना लिंग नाही, हा केवढा दिलासा!

कसोटी लागते ती क्रियापदाच्या अखेरीस. 'पाऊस पडतोय' हे मित्राला 'पिगा वा', अपरिचिताला 'पिगा वायो', तर औपचारिक बैठकीत 'पिगा ओम्निदा' असे सांगायचे. मराठीत 'तुम्ही-आपण'वर भागते. येथे समोर कोण आहे हे ठरवल्यावाचून पावसाचे वाक्यही पुरे होत नाही. चुकून मित्राचे रूप वरिष्ठांपुढे वापरले, तर तो उद्धटपणा ठरतो. नव्या ओळखीत कोरियन माणूस वय विचारतो, त्यामागे बरेचदा हीच अडचण असते.