एल्डोरेटचे वॉर्ड आणि पाहुणे विद्यार्थी

सुट्टीतल्या दोन आठवड्यांसाठी आफ्रिकेतल्या एखाद्या देशात जायचे, गावातल्या शाळेच्या किंवा चर्चच्या आवारात टेबले मांडायची, पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या शेकडो माणसांचे रक्तदाब मोजायचे, गोळ्यांची पाकिटे वाटायची आणि परतायचे, ही वैद्यकीय स्वयंसेवेची रीत अमेरिका आणि युरोपातल्या विद्यार्थ्यांमध्ये चांगलीच रुळली आहे. जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण मनापासून जातात, पदरचे पैसे घालतात, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शिबिर उठल्यावर त्या गावातल्या रुग्णाने कुणाकडे जायचे, हा खरा प्रश्न आहे. रक्तदाब किंवा मधुमेह महिनाभराच्या गोळ्यांनी बरा होत नाही. जखम उघडून बांधली, तर चार दिवसांनी ती पुन्हा पाहावी लागते, आणि चुकीच्या औषधाचा परिणाम दिसू लागतो तेव्हा ते देणारा विमानात बसलेला असतो. या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर पश्चिम केनियातल्या एल्डोरेट शहरात सापडते. विद्यार्थ्यांनी आफ्रिकेत जरूर जावे, पण वर्षभर चालणाऱ्या तिथल्याच एखाद्या संस्थेत, शिकाऊ पाहुणे म्हणून आणि तिच्या अटींवर.

एल्डोरेट हे लांब पल्ल्याच्या धावपटूंचे शहर म्हणून जगाला माहीत आहे. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असलेल्या या शहरात मोई विद्यापीठाने 1990 मध्ये वैद्यकीय शाखा सुरू केली. तोपर्यंत केनियात डॉक्टर घडवणारे विद्यापीठ एकच होते, नैरोबीचे. नव्या शाखेचे पहिले अधिष्ठाता हारून मेंगेच यांना खेड्यांशी बांधलेले वैद्यकीय शिक्षण उभे करायचे होते. म्हणून अभ्यासक्रमातच विद्यार्थ्यांना काही आठवडे गावात राहून तिथले आरोग्य अभ्यासण्याची योजना घातली गेली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून गावाशी जोडतात, हे माहीत असणाऱ्या मराठी वाचकाला ही कल्पना ओळखीची वाटेल. त्याच सुमारास अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे जो मॅमलिन, बॉब आयन्टर्झ, चार्ली केली आणि डेव्ह व्हॅन रीकन हे चार डॉक्टर दीर्घकाळ सोबत करता येईल असे वैद्यकीय महाविद्यालय शोधत होते. त्यांनी एल्डोरेट निवडले, आणि भागीदारीच्या मुळाशी एक साधी अट ठेवली: इंडियानाच्या अध्यापकांपैकी निदान एक डॉक्टर कायम एल्डोरेटमध्ये राहील. विद्यार्थी येतील आणि जातील, पण राहणारा माणूस आधी ठरलेला असेल. माझ्या मते या संस्थेची सगळी ताकद या एका अटीत आहे.

पाहुण्या विद्यार्थ्याचे स्थानही त्यातूनच ठरते. तो मोई रुग्णालयाच्या वॉर्डात येतो तेव्हा त्याची जोडी केनियन विद्यार्थ्याशी लावलेली असते, आणि राउंडला दोघे एकाच डॉक्टरच्या मागे उभे असतात. रुग्ण स्वाहिली किंवा कालेंजिन बोलतो, म्हणून माहिती विचारण्यात केनियन विद्यार्थीच पुढे असतो. मायदेशात पदवीआधी जे करायला मनाई आहे, ते इथेही करता येत नाही. ही मर्यादा क्षुल्लक नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेला 2011 मध्ये, परदेशी रुग्णसेवेला जाणाऱ्या आणि वैद्यकीय प्रवेशही न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी लेखी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, यावरून ही गोष्ट कुठवर गेली होती ते दिसते. गरीब देशातल्या रुग्णाच्या अंगावर हात साफ करून घ्यायचा आणि त्याला सेवा म्हणायचे, हे अन्याय्य आहे. एल्डोरेटने ते होऊ दिले नाही. उलट केनियन विद्यार्थीही इंडियानात जाऊन तिथल्या वॉर्डांत शिकतात. ये-जा दोन्हीकडून असली की कोण कुणाला देतो आहे, हा हिशेब आपोआप बदलतो.

भागीदारीची कसोटी एड्सने घेतली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोईच्या वॉर्डांत तरुण माणसे रोज मरत होती आणि डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. 2000 साली मोईचाच एक वैद्यकीय विद्यार्थी मरणपंथाला लागलेला वॉर्डात आला. त्याच्यासाठी औषधे मिळवली गेली आणि तो उभा राहिला. एकाला वाचवता येते, तर बाकीच्यांचे काय, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही. तेव्हा एका रुग्णाचा वर्षाचा औषधखर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला आणि आफ्रिकेतल्या उपचारांचे गणितच पालटले. त्याच वर्षी एल्डोरेट आणि जवळचे मोसोरिओट ग्रामीण आरोग्य केंद्र इथून एड्सवरील उपचारांचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे नाव अॅम्पाथ. पुढे अमेरिकी सरकारचा निधी आला आणि दोन केंद्रांचे जाळे पश्चिम केनियाभर पसरले. आजवर दीड लाखाहून अधिक रुग्णांची नोंद तिथे झाली आहे.

आकड्यापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते या काळात संस्था काय शिकली ते. गोळ्या सुरू केल्या तरी काही रुग्णांचे वजन वाढेना. चौकशीत कळले की घरात खायलाच नव्हते. भुकेल्या पोटी औषध सोसत नाही, आणि शेतावर राबणारा माणूस आजारी पडला की पुढच्या हंगामाचे धान्यही जाते. मग संस्थेने स्वतःची शेते उभी केली. डॉक्टर केसपेपरवर औषधाबरोबर धान्य, भाजी आणि अंडीही लिहून देऊ लागले, आणि बरा होत असलेला रुग्ण पुन्हा कमावता व्हावा यासाठी कामाचे शिक्षण सुरू झाले. दोन आठवड्यांच्या शिबिराला हे कधीच दिसले नसते. वजन वाढत नाही हे कळायला तोच रुग्ण त्याच काट्यावर तीन-चार वेळा उभा राहावा लागतो. नोंदींचेही तसेच. मोसोरिओटच्या केंद्रात रुग्णांच्या संगणकीय नोंदींची साधी पद्धत बसवली होती. तिच्या अनुभवातून पुढे ओपनएमआरएस ही मुक्त प्रणाली घडली आणि अनेक गरीब देशांनी ती स्वीकारली. 2007 पासून तर स्वयंसेवक आणि समुपदेशक घरोघर जाऊन तपासण्या करू लागले. पाहुण्या विद्यार्थ्याने यातले काही उभे केले नाही. त्याने ते पाहिले आणि त्यात हातभार लावला. त्याच्यासाठी एवढे शिक्षण पुरेसे मोठे आहे.

यावर पहिला आक्षेप असतो की जिथे काहीच नाही तिथे थोडेसे तरी बरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या अहवालाप्रमाणे जगातल्या रोगभाराचा जवळजवळ चौथा हिस्सा आफ्रिकेवर होता आणि आरोग्य कर्मचारी मात्र 3 टक्के. ही तूट पाहिली की शिबिराला नको म्हणणे निर्दयपणाचे वाटू शकते. मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ अशा एकदाच होणाऱ्या शस्त्रक्रियांपुरते, अनुभवी सर्जनांच्या हातून आणि पुढची देखभाल सोपवलेली असेल तर, मी ते मान्यही करीन. पण तूट भरते ती राहणाऱ्या माणसांनी. मोझांबिकने 1984 पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. सात वर्षांनी पाहिले तेव्हा जिल्हा रुग्णालयांत नेमलेल्या अशा तंत्रज्ञांपैकी 88 टक्के तिथेच काम करत होते, आणि त्यांच्यासारखेच तिथे नेमलेले डॉक्टर सगळे निघून गेले होते. आपल्याच देशातला डॉक्टर जिथे टिकत नाही, तिथे परदेशी विद्यार्थ्याच्या पंधरा दिवसांवर आरोग्यसेवा कशी उभी राहणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एल्डोरेटचे कामही परदेशी पैशावरच चालले, मग त्याचे एवढे कौतुक कशाला? हे खरे आहे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा अशा निधीवर उभ्या असलेल्या आफ्रिकेतल्या सगळ्याच आरोग्य कार्यक्रमांच्या पायाखालची जमीन हलली. या अवलंबनाची काळजी आधीपासून करायला हवी होती, आणि तिचे ओझे केनियाच्या सरकारवरही आहे. 2016 च्या डिसेंबरपासून तिथले सरकारी डॉक्टर शंभर दिवस संपावर होते, हेही विसरता येत नाही. तरीही पैसा आटला तर काय उरते, हे पाहायला हवे. एल्डोरेटमध्ये केनियाने घडवलेले डॉक्टर, परिचारिका आणि प्राध्यापक उरतात, विद्यापीठ उरते, नोंदी उरतात. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे अमेरिकी विद्यापीठांनी आपले विद्यार्थी जगभरातून परत बोलावले, तेव्हा मोईचे वॉर्ड केनियन डॉक्टरांनी चालवले. निव्वळ शिबिरांवर विसंबलेल्या गावात त्या वर्षी कुणीच आले नाही.

मग विद्यार्थ्यांच्या तिकिटाचा पैसा थेट तिथेच का पाठवू नये, असेही विचारतात. पाठवावा. पण वैद्यकीय शिक्षणाच्या वयात दुसऱ्या देशातल्या वॉर्डात, आपल्या बरोबरीच्या विद्यार्थ्याला आपल्यापेक्षा चांगले निदान करताना पाहणे, याने माणसाचा दृष्टिकोन जितका बदलतो तितका तो व्याख्यानांनी बदलत नाही. तो बदलावा म्हणून प्रवास सार्थ आहे, मात्र त्याची किंमत रुग्णाने मोजता कामा नये. हीच घडी अॅम्पाथने आता घाना, नेपाळ आणि मेक्सिकोतल्या भागीदारांबरोबर बसवायला घेतली आहे.

महाराष्ट्रातूनही वैद्यकीय विद्यार्थी आता अशा प्रवासांना निघतात, आणि निघावे. फक्त नाव नोंदवण्याआधी त्यांनी आयोजकांना एवढे विचारावे: मी तपासलेल्या रुग्णाचा केसपेपर मी परतल्यावर कुणाच्या हाती असेल, आणि पुढच्या महिन्यात त्याला कोण तपासणार? त्या डॉक्टरचे नाव आयोजकांना सांगता आले नाही, तर जाऊ नये.