फोल्डरची मांडणी कोण बदलते?

माझी एक मैत्रीण माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वार्षिक परीक्षेनंतर तिने नववीचे गुणपत्रक ई-मेलने कार्यालयाकडे पाठवले. दोन दिवसांनी तिथून निरोप आला, “बाई, ही तर गेल्या वर्षीची यादी आहे!” तिच्या फोल्डरमध्ये सर्वांत नवी फाईल नेहमी सगळ्यात वर दिसे. त्या दिवशीही तिने वरचीच फाईल जोडली होती. पण वर होती ती जुनी. चूक वेळीच लक्षात आली म्हणून बरे, नाहीतर एका वर्गाचे गुण दुसऱ्याच मुलांच्या नावावर लागले असते.

“मी मांडणी लावते एक आणि हा संगणक दाखवतो दुसरीच. व्हायरस असेल, नाहीतर मुलं हात लावत असतील,” ती वैतागून म्हणाली.

अशी तक्रार अनेक शिक्षकांकडून ऐकू येते. ‘संगणक लहरी आहे’ असे म्हटले की विचार तिथेच थांबतो. म्हणून मी तिला एकच काम सांगितले. आठवडाभर वहीत नोंद ठेवायची: कोणता फोल्डर उघडला, कोणत्या वाटेने उघडला, मांडणी आधी कशी होती आणि आता कशी दिसते. आठवड्याने वही पाहिली, तेव्हा तक्रारी तीन प्रकारच्या निघाल्या. त्या समजून घेण्यापूर्वी संगणक मांडणी लक्षात कशी ठेवतो ते पाहू.

वर्गातली मुले तीच असतात. हजेरी क्रमांकाने उभी केली तर एक रांग होते, उंचीप्रमाणे उभी केली तर दुसरी. फोल्डरचेही तसेच आहे. चित्रे मोठी दिसावीत की नुसती यादी दिसावी, क्रम नावाने लागावा की तारखेने, यामुळे फायलींमध्ये काहीच बदल होत नाही. बदलते ते फक्त दाखवणे.

आता प्रश्न असा, की ही निवड लिहून कुठे ठेवलेली असते? फोल्डरमध्येच असेल असे आपण धरून चालतो. विंडोज प्रणालीत ती तिथे नसते. ‘रजिस्ट्री’ नावाच्या एका मोठ्या नोंदवहीत प्रत्येक वापरकर्त्याचे वेगळे पान असते, आणि त्या पानावर फोल्डरच्या जागेसमोर त्याची मांडणी लिहिलेली असते. ही वही अमर्याद नाही. विंडोज एक्सपीच्या (२००१) सुरुवातीच्या आवृत्तीत सुमारे ४०० फोल्डरांच्याच नोंदी राहत. नंतरच्या आवृत्त्यांत ही मर्यादा ५००० झाली. जागा संपली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात.

गंमत म्हणजे फोल्डर पुसून टाकला तरी वहीतली त्याची नोंद बरेचदा तशीच राहते. संगणकावरील गुन्ह्यांचा तपास करणारे तज्ज्ञ या नोंदी मुद्दाम तपासतात. पुसलेला फोल्डर कधीकाळी इथे होता आणि या वापरकर्त्याने तो उघडला होता, हे त्यांना त्यावरून कळते. म्हणजे ज्याला आपण विसरभोळा म्हणतो, तो संगणक आपल्या कल्पनेपेक्षा जास्तच लक्षात ठेवतो! मग गोंधळ कुठे होतो?

पहिले कारण: संगणकाचा अंदाज. मैत्रिणीची पहिली तक्रार स्नेहसंमेलनाच्या फोल्डरबद्दल होती. सगळीकडे यादी दिसावी असे तिने ठरवून दिले होते, तरी इथे मोठमोठी चित्रेच दिसत. विंडोज प्रत्येक फोल्डरला पाचपैकी एक प्रकार देते: सर्वसाधारण, कागदपत्रे, चित्रे, संगीत आणि चलचित्रे. आपण काही सांगितले नसेल, तर आत कोणत्या फायली आहेत ते पाहून ती स्वतःच अंदाज करते. गुणपत्रकांच्या फोल्डरमध्ये सहलीचे फोटो येऊन पडले, तर हा अंदाज बदलू शकतो आणि त्याबरोबर मांडणीही.

शिवाय ‘अप्लाय टू फोल्डर्स’ हे बटण दाबले की मांडणी सगळ्या फोल्डरांना लागू झाली असे आपल्याला वाटते. ती लागू होते फक्त त्याच प्रकारच्या फोल्डरांना. कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये उभे राहून दिलेला आदेश चित्रांच्या फोल्डरपर्यंत पोचत नाही.

प्रयोग करून पाहा. एक नवा फोल्डर करा, त्यात आठ-दहा फोटो टाका आणि तो उघडा. मग फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधले ‘कस्टमाइझ’ हे पान काढा. आपण न सांगताच तिथे बहुधा ‘पिक्चर्स’ लिहिलेले आढळेल.

दुसरे कारण: जागेचा बदल. दुसरी तक्रार पेनड्राइव्हची होती. घरी लावलेली मांडणी शाळेत दिसत नसे. नोंद वहीत असते, पेनड्राइव्हमध्ये नसते, हे कळल्यावर याचे उत्तर सोपे आहे. शाळेच्या संगणकाची वही वेगळी आहे. घरच्याच संगणकावरही पेनड्राइव्हला काल ‘ई’ हे अक्षर मिळाले आणि आज ‘एफ’ मिळाले, तर संगणकाच्या दृष्टीने ती जागाच नवी. फोल्डरची प्रत दुसरीकडे केली तर मांडणी तिच्याबरोबर जात नाही, हेही याच कारणाने. काही शाळांच्या संगणककक्षात तर यंत्र बंद करून चालू केले की सर्व काही पूर्ववत करणारी सोय बसवलेली असते. तिथे केलेले बदल रोज पुसले जाणारच.

तिसरे कारण: दोन खिडक्या. मैत्रिणीची खरी चूक इथे झाली होती. ई-मेलला फाईल जोडताना जी खिडकी उघडते, ती आपली नेहमीची फोल्डरची खिडकी नसते. दिसायला दोन्ही सारख्या, फोल्डरही तोच, पण वहीत दोघींच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. नेहमीच्या खिडकीत तिने क्रम तारखेने लावला होता. जोडणीच्या खिडकीत तो नावाने लागलेला होता. ‘नववी निकाल’ ही गेल्या वर्षीची फाईल, ‘नववी निकाल नवा’ ही यंदाची. नावाच्या क्रमात पहिली वर येणार हे उघड आहे. व्हायरस नव्हता आणि मुलांचाही काही दोष नव्हता.

आता उपाय. ज्या फोल्डरचा प्रकार महत्त्वाचा वाटतो, त्याच्या ‘कस्टमाइझ’ पानावर ‘जनरल आयटेम्स’ निवडा आणि खालची ‘सबफोल्डर्स’ची चौकटही खूण करून घ्या, म्हणजे अंदाजाला जागा उरत नाही. मग त्याच फोल्डरमध्ये हवी ती मांडणी लावून ‘फोल्डर ऑप्शन्स’मधील ‘व्ह्यू’ पानावरचे ‘अप्लाय टू फोल्डर्स’ दाबा. पूर्वीचा गोंधळ फार असेल तर त्याआधी शेजारचे ‘रिसेट फोल्डर्स’ दाबावे. रजिस्ट्री हाताने बदलण्याच्या भानगडीत मात्र पडू नये.

पण हे सगळे करूनही मांडणीवर विसंबणे धोक्याचेच. नव्या आवृत्तीबरोबर ती बदलू शकते. २०१९च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज १०च्या सुधारणेनंतर ‘डाउनलोड्स’ फोल्डर आपोआप तारखेने लागू लागला, तेव्हा असेच अनेकजण बुचकळ्यात पडले होते. म्हणून जी माहिती महत्त्वाची, ती फाईलच्या नावातच असावी. ‘नवा’, ‘अंतिम’, ‘अगदी अंतिम’ अशी नावे देण्याऐवजी ‘२०२५-०४-१८ नववी निकाल’ असे नाव द्यावे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि महिना व दिवस नेहमी दोन अंकी. असे लिहिले की नावाचा क्रम आणि तारखेचा क्रम एकच होतो, मग खिडकी कोणतीही असो. तारीख लिहिण्याची ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानकात आहे.

‘दिवस-महिना-वर्ष’ असे लिहिले तर क्रम का बिघडतो, हा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गात जरूर विचारावा. पाच-सहा तारखा दोन्ही पद्धतींनी फळ्यावर लिहून मुलांना त्या डावीकडच्या अंकापासून क्रमाने लावायला सांगाव्यात. स्थानिक किमतीचा धडा वेगळ्या रूपात पुन्हा भेटेल.

मैत्रिणीने आता फायलींची नावे बदलली आहेत. नोंदींची वही मात्र तिने चालूच ठेवली आहे. संगणकात काही ‘आपोआप’ झाले, की ती आधी वहीत लिहिते आणि मग वैतागते.