दुसरा मॉनिटर लावला आणि गेम अडखळायला लागला: कार्ड विकण्याआधी हे तपासा

ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाहीत किंवा जे ‘दादा, स्टेप्स लिहून टाक ना’ म्हणतात, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेलं ‘अं’, ‘म्हणजे’ काढून टाकलंय, बाकी सगळं तेच आहे.

आजची गोष्ट माझ्या आतेभावाची, ओम्याची. तो कराडला असतो. बारावी झाल्यापासून लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देतो आणि त्याच पैशांतून त्याने कॉम्प्युटर उभा केला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, जुनं घेतलेलं जीटीएक्स १६६० सुपर कार्ड, आठ जीबी रॅम आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर. व्हॅलोरंट मस्त चालायचं. मग एडिटिंगसाठी त्याने एक जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर शेजारी लावला आणि तिथून सगळं बिघडलं. ऐन मारामारीत गेम अर्धा सेकंद थिजायचा. दुकानदाराने सांगितलं, ‘कार्ड दोन मॉनिटर ओढत नाही, नवीन घे.’ खर्च तीस हजारांच्या पुढे.

ओम्याने मला फोन केला. मी ऑफिसमध्ये होतो, अर्धं लक्ष स्क्रीनवर. म्हणालो, ‘हो रे, कार्डच असेल.’

हे मला आजही टोचतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. ऑफिसात कुणी बग सांगितला तर आधी तो स्वतःच्या मशीनवर घडवून बघतो, मगच कोडला हात लावतो. आणि घरच्या पोराचे वर्षभराचे पैसे मी एका वाक्यात घालवायला निघालो होतो. दिवाळीत कराडला गेलो तेव्हा त्याने कार्ड विकायची जाहिरातसुद्धा तयार ठेवली होती. म्हटलं, थांब. एक दुपार दे मला.

पहिला प्रश्न: लॅग म्हणजे नक्की काय?

आपण सगळ्याला ‘लॅग’ म्हणतो, पण त्यात तीन वेगळे आजार आहेत. पहिला नेटचा: तुम्ही गोळी मारता, पण समोरचा आधीच भिंतीमागे गेलेला असतो. दुसरा, माऊस हलवला की चित्र उशिरा हलतं. तिसरा अडखळणं: चित्र सुरळीत चालतं आणि मध्येच थिजतं. तिघांची औषधं वेगळी. नेटच्या दुखण्यावर कार्ड बदलणं म्हणजे दात दुखतोय म्हणून चष्मा बदलणं.

व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ, त्यात स्टॅट्स असं पान आहे. तिथे नेटवर्क आरटीटी, पॅकेट लॉस आणि फ्रेम टाइम यांचे आलेख चालू करता येतात. आम्ही केले. गेम थिजला तेव्हा नेटची रेघ सरळ होती आणि फ्रेम टाइमची रेघ ताडकन वर गेली. म्हणजे वायफाय निर्दोष, दुखणं कॉम्प्युटरच्या आतच.

इथे एक गणित समजून घ्या. १४४ हर्ट्झ म्हणजे प्रत्येक चित्राला जेमतेम ६.९ मिलिसेकंद मिळतात. ६० हर्ट्झला १६.७. आता समजा एका सेकंदात ९९ फ्रेम प्रत्येकी ९ मिलिसेकंदात आल्या आणि एक फ्रेम १०० मिलिसेकंदात. एकूण ९९१ मिलिसेकंद. एफपीएसचा आकडा काय दाखवेल? साधारण १००. छान वाटतं ना? पण ती एक फ्रेम डोळ्याला ठेच लागल्यासारखी जाणवते. म्हणून एफपीएसची सरासरी बघू नका, फ्रेम टाइमचा आलेख बघा. तुमच्या गेममध्ये ही सोय नसेल तर एमएसआय आफ्टरबर्नरबरोबर येणारं रिव्हाट्यूनर तेच काम करतं.

दुसरा प्रश्न: दमलंय कोण?

टास्क मॅनेजर उघडला. खेळताना ग्राफिक्स कार्डाचा वापर ४० ते ५० टक्के. अरे, जो गडी अर्ध्या ताकदीने काम करतोय त्याला म्हातारा ठरवून काढून कसं टाकायचं? कार्ड खरंच कमी पडत असतं तर हा आकडा ९५-१०० ला चिकटला असता.

एक अपवाद. तुम्ही गेमच तीन मॉनिटरवर पसरवून खेळत असाल, उदाहरणार्थ कार रेसिंग, तर गोष्ट वेगळी. एका फुल एचडी स्क्रीनचे साधारण २०.७ लाख पिक्सेल, तिघांचे ६२ लाख. तिथे कार्ड खरंच घाम गाळतं. पण गेम एकाच स्क्रीनवर आणि दुसरीवर फक्त डेस्कटॉप असेल तर त्या रिकाम्या डेस्कटॉपचं ओझं अगदी किरकोळ असतं.

तिसरं: एका वेळी एकच गोष्ट बदला

हाच आजच्या भागाचा गाभा. ओम्याने व्हिडिओ बघून एका संध्याकाळी ड्रायव्हर बदलला, विंडोजच्या दहा सेटिंग फिरवल्या, दोन ‘बूस्टर’ टाकले. फरक पडला असता तरी कशामुळे पडला हे कळलं नसतं. आम्ही वही घेतली. प्रत्येक वेळी एकच बदल, मग तीन सामने, मग नोंद.

दुसरा मॉनिटर काढला: अडखळणं गायब. ओम्या म्हणाला, ‘बघ, मॉनिटरच आहे!’ थांब. मॉनिटर परत लावला, पण त्यावर काहीच उघडलं नाही. तरी सुरळीत! म्हणजे मॉनिटर असणं हा दोष नाही. मग त्यावर ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला. दर चार-पाच सेकंदांनी ठेच. चोर दुसऱ्या स्क्रीनवर होता, पण तो स्क्रीन नव्हता.

चौथं: केबल कुठे खोचली आहे?

कॅबिनेट फिरवलं आणि मी कपाळावर हात मारला. मुख्य मॉनिटर कार्डाला होता, पण दुसऱ्याची एचडीएमआय केबल वर, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये. ५६००जी मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स असतं, त्यामुळे तिथेही चित्र दिसतं आणि कुणाला शंका येत नाही. पण मग दोन स्क्रीन दोन वेगळ्या ग्राफिक्सवर चालतात. खिडकी एकीकडे तयार होते आणि दुसरीकडे दाखवायची असते, तेव्हा प्रत्येक चित्राची नक्कल रॅममधून पलीकडे न्यावी लागते. ही ने-आण गेमच्या वाटेत येते.

केबल कार्डाला लावली. छोट्या ठेचा बंद! पण मिनिटा-दोन मिनिटांनी एक मोठा झटका अजून येत होता.

पाचवं: जे मी बघितलंच नव्हतं

आता माझी चूक. पहिल्यांदा टास्क मॅनेजर उघडला तेव्हा माझी नजर फक्त कार्डावर होती. शेजारीच मेमरी ९६ टक्के दाखवत होती. गेम, डिस्कॉर्ड आणि ओम्याचे वीस-बावीस टॅब. रॅम भरली की विंडोज काही माल डिस्कवर ठेवतं आणि लागला की परत आणतं. तेवढ्यात गेम थिजतो. ब्राउझर बंद केला आणि मोठा झटकाही गेला.

मेमरीच्याच पानावर खाली ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ असा आकडा असतो. तो होता दोन जीबीच्या वर! प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. म्हणजे आठ जीबीतले सहाही गेमच्या हाती नव्हते. आता दोन्ही मॉनिटर कार्डावर होते, मग बायोसमध्ये जाऊन ते ग्राफिक्स बंद केलं. रॅम मोकळी झाली.

शिवाय त्याची रॅम एकाच पट्टीची. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माल वाहते. दोन पट्ट्या योग्य खाचांत असल्या की ५१.२. एक पदरी रस्ता दोन पदरी होतो. माझ्या जुन्या मशीनची तशीच आठ जीबीची पट्टी पुण्यात ड्रॉवरमध्ये धूळ खात होती. आत्या पुण्याला आली तेव्हा तिच्याबरोबर पाठवली. चार खाचांच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची, पण बोर्डाचं पुस्तक बघा. वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या जुळतीलच असं नाही. आमच्या जुळल्या. बायोसमध्ये एक्सएमपी चालू आहे ना तेही बघा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने धावत राहते.

तुमचं दुखणं वेगळं असेल तर

आमच्याकडे नव्हत्या, पण बऱ्याच ठिकाणी सापडतात अशा गोष्टी पटापट सांगतो:

- विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. १४४ चा मॉनिटर ६० वर तर नाही ना? केबल किंवा ड्रायव्हर बदलल्यावर असं होतं.
- १४४ आणि ६० हर्ट्झ शेजारी असतील तर विंडोज जुनं ठेवू नका. २०२० च्या मे महिन्यातल्या अपडेटआधी या जोडीचा त्रास जास्त होता.
- गेम बॉर्डरलेसमध्ये असेल तर एकदा फुलस्क्रीनमध्ये खेळून बघा.
- हलते वॉलपेपर, ओव्हरले आणि लाइट नाचवणारी सॉफ्टवेअर एकेक करून बंद करा.
- ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सेलरेशन सरसकट बंद करू नका. कार्डावरचं ओझं प्रोसेसरवर जातं. करून बघा, मोजा, नाही जमलं तर परत चालू करा.
- सुरुवातीला छान आणि वीस मिनिटांनी अडखळत असेल तर तापमान बघा. पंख्यातली धूळ काढायला पैसे लागत नाहीत.

आणि हो, कार्ड कधीच दोषी नसतं असं मी म्हणत नाहीये. वापर १०० टक्क्यांवर अडकलाय, सेटिंग कमी केल्यावर गेम सुधारतोय, तर कार्डच कमी पडतंय. तेव्हा खुशाल घ्या. फक्त आधी मोजा.

ओम्याने जाहिरात काढून टाकली. तीस हजारांतले बरेचसे कॉलेजच्या फीमध्ये गेले. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला: ‘दादा, एक प्रॉब्लेम झालाय. आता हरलो की सांगायला कारणच नाही.’

त्यावर उपाय माझ्याकडे नाही! तुमचं सेटअप अडखळत असेल तर आज रात्री फक्त दोन गोष्टी करा: कॅबिनेटमागे टॉर्च मारून केबल कुठे आहे ते बघा आणि खेळताना मेमरीचा आकडा वहीत लिहा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत खेळत राहा, आणि टॅब बंद करत राहा.